धुरातून आलेली ‘ओ’

भुताखेतांचं म्हणाल तर मी त्यातली नाही. भोरला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि रस्त्यात उतारा पडलेला दिसला तरी त्याच्यावरून स्कूटी नेणारी बाई आहे. या ग्रुपवरचे अनुभव मी हसण्यासाठीच वाचायचे... आता माझाच लिहायला बसले आहे, तर तुम्हीही खुशाल हसा.

काहींना माझी जुनी पोस्ट आठवत असेल, त्या गाजलेल्या परदेशी जादूच्या कादंबऱ्यांमध्ये लपलेल्या किमयेबद्दलची. माझी मुलगी सई नववीत आहे, ती या पुस्तकांवर अक्षरशः जीव टाकायची. तिची पुस्तकं चाळता चाळता मला कोडं सुटलं होतं – प्रत्येक भागात तीन रंग ठरलेल्या क्रमानं येतात. आधी काळा, मग पांढरा, शेवटी लाल. जुने किमयागार शिशाचं सोनं करायला याच पायऱ्या सांगायचे. गोष्टीतला राजपुत्र जळून काळ्या पडलेल्या बुरुजात शिरतो, बर्फातून पांढराफटक होऊन बाहेर येतो आणि राणी स्वतःच्या हातानं त्याच्यावर लाल शेला टाकते. किमया पूर्ण! पोस्टच्या शेवटी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, ‘पण सोनं झालं की शिसं उरत नाही. मग राणीकडे परत आला तो तिचाच मुलगा का?’ लाइक्स बरे पडले होते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही माझ्या सासरी, हिर्डोशीला गेलो होतो. तिकडे भाताचं बी पेरायच्या जागेवर शेण, फांद्या, पालापाचोळा रचून जाळतात, त्याला राब म्हणतात. सासूबाईंचा (मी त्यांना आत्या म्हणते) त्या दिवशी एकच नियम असतो.

“राब पेटला की कुणाला नावानं हाक मारायची न्हाई. जवळ जाऊन बोलायचं.”

“का हो आत्या?”

“भलत्यानंच ओ दिली म्हंजी?”

मी हसले होते.

सकाळची वेळ, चांगलं लख्ख ऊन. जाळ ओसरला होता, काळ्या राबातून नुसता धूर निघत होता. सई पडवीत खाटेवर झोपली होती, मी नुकतीच तिला पांघरूण घालून आले होते. घराकडून राबाकडे यायला एकच वाट, बांधावरची, आणि त्या बांधावर आत्या आणि मी उभ्या होतो. सहज वळून पाहिलं तर खाट रिकामी. पुस्तक तेवढं जमिनीवर पडलं होतं.

“सईऽऽ!”

तोंडून निघूनच गेलं. आत्यांनी माझा दंड गच्च धरला.

“ओऽ, आई...”

आवाज समोरून आला. राबातून!

आमची सई कधीच ‘ओ’ देत नाही हो. “काय आहेऽ?” म्हणून खेकसते. त्यावरून रोज आमची खडाजंगी व्हायची.

धूर हलला आणि ती त्या धगीतून चालत आली. अनवाणी. तळवे काळे झालेले, पण एक फोड नाही. बाकी केसांपासून घोट्यापर्यंत पांढऱ्या राखेनं माखलेली. माझ्याकडे बघत होती, पण ओळख नव्हती त्या नजरेत.

आत्या रडत घरात पळाल्या आणि देव्हाऱ्यातला करंडा घेऊन आल्या. त्यांनी चिमटीत कुंकू घेतलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला... काळा झाला, पांढरा झाला.

“आत्या, नको! लाल नका लावू तिला!”

“येडी झालीस व्हय? लेकराला कशानंतरी धरलंय, सर बाजूला!”

आणि त्यांनी मायेनं तिच्या कपाळभर कुंकू भरलं. सईनं डोळे मिटले, उघडले आणि गोड हसली. “भूक लागली,” म्हणाली. आत्यांनी देवाला हात जोडले.

डॉक्टर म्हणाले, झोपेत चालली असेल. निखाऱ्यांवरून झपाझप चाललं तर पाय भाजत नाहीत, हेही मी वर्गात फळ्यावर समजावून देईन. पण आमच्यासमोरून न जाता ती राबात पोचली कशी?

सई ठणठणीत आहे. मन लावून अभ्यास करते, उलट बोलत नाही, आपलं ताट आपण घासून ठेवते. ती पुस्तकं मात्र तिनं रद्दीत घातली. आत्या फोनवर सगळ्यांना कौतुकानं सांगतात, “आमच्या पोरीचं सोनं झालं बगा!”

मला ते सोनं नको आहे. माझी खेकसणारी पोर हवी आहे. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून मी तिला हाक मारते आणि जीव मुठीत धरून ऐकत राहते, आज तरी ती “काय आहेऽ?” म्हणेल म्हणून.

“ओऽ, आई...”