टिटवीची नोंद

चैत्र नुकता लागला होता. आम्ही धुळ्याहून उजाडायच्या आत निघालो. आम्ही म्हणजे मी आणि माझे नंदोई नाना. मी सावद्याची, पाखरं बघायचा नाद म्हातारपणी लागलेला. कोणी शिकवलं नाही, चुकत चुकत शिकले. साक्रीच्या पुढे डोंगरातल्या एका धरणावर चक्रवाक अजून थांबलेत, असं नानांना कळलं होतं.

भिंतीवर पोचलो तेव्हा पाणी खूप खाली गेलेलं. चक्रवाक दिसले, सहा. शेकाट्या लाल काड्यांसारखे पाय टाकत चिखलात फिरत होत्या. इतक्यात खाली टिटवी किंचाळायला लागली. दुर्बीण लावली तर एक बाई ओणवी होऊन काहीतरी करतेय.

"नाना, ती अंडी उचलतेय."

"अक्का, तुम्हाला सगळे चोरच दिसतात," नाना म्हणाले आणि डब्यातली कळण्याची भाकरी काढून बसले.

मी उतरलेच. पाणी हटल्यावर उघड्या पडलेल्या गाळात डांगराचे (खरबुजाचे) वेल पसरले होते. मधे चार अंडी, भोवती बाभळीचे काटे. मी लगेच वहीत लिहिलं.

बाई उभी राहिली. चाळिशीची, हात कोपरापर्यंत चिखलाचे. "कथाईन उनात? (कुठून आलात?) काय लिखी ऱ्हायनात?"

"नोंद करतेय," मी ऐटीत सांगितलं.

तिचा चेहराच उतरला. "कसानी नोंद?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमची नोंद पाखरांची, तिच्या कानाला ती सरकारी. जमीन धरणाची. गाळात पेरायला दरसाल परवान्याचा कागद मिळतो. "औंदा कागद नही भेटना," ती म्हणाली. "पंधरा दिनमा डांगर उतरतीन. तवलोंग (तोवर) कोनाले कळाले नको."

"मग हे काटे?"

"कुत्रास्करता. ती वरडनी का माले समजस, कोनीतरी उनं."

म्हणजे टिटवी तिची राखणदार! आणि मी बाईला चोर ठरवून मोकळी.

"वाचा बरं," तिनं वहीकडे बोट केलं.

मी वाचलं, "चक्रवाक सहा, शेकाट्या बारा, टिटवी एक."

"आनि मना (माझा) मळा?"

"नाही लिहिला."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "लिखं नही, का वाचं नही?"

खोटं कशाला बोलू, बोलले होतेच. 'भिंतीच्या डावीकडे, डांगराच्या वेलात टिटवीचं घरटं', ही ओळ मी वाचताना गाळली होती. आमच्या पक्षीमंडळात नोंदी सगळ्यांसमोर वाचतात, आणि तिथे कोण कोणत्या हापिसात नोकरीला, मला काय ठाऊक?

पान फाडून तिला दिलं. "लिहिलं होतं. वाचलं नाही."

तिनं कागद पाण्यात धरला, शाई पसरेपर्यंत. मग म्हणाली, "जा आते."

वर नाना चिडवत होते, "अंडी चोरली ना?" मी म्हटलं, "चला हो."

सावद्याला परतून आठवडा झाला. डांगरं उतरायला अजून आठ दिवस. तिचा फोन नंबर मागायला हवा होता, असं रोज वाटतं. मागितला असता तर तिनं दिला नसता. आणि देऊच नये.