ती नुसती बसली आहे

दिल्लीत, सरोजिनी नगरातल्या एका सरकारी क्वार्टरच्या मागच्या खोलीत आम्ही दोघी राहायचो. क्वार्टर ज्यांच्या नावावर होतं ते मराठी काका केंद्र सरकारच्या नोकरीत होते, निवृत्तीला आलेले. खोली भाड्याने द्यायची परवानगी नव्हती, म्हणून कुणी विचारलं तर आम्ही त्यांच्या भाच्या. मी औशाची, तिकडे लातूरजवळ. यूपीएससीची तयारी करायला आले होते. माझी मैत्रीण कूचबिहारची, एका खाजगी दवाखान्यात नर्स. दोघी मुसलमान. रमजानात शेजारणीने काकूंना विचारलं होतं, "आपकी भांजियाँ रोज़ा रखती हैं?" काकू शांतपणे म्हणाल्या, "हमारे यहाँ सब उपास रखते हैं."

मग सरकारने क्वार्टरांची ती सगळी ओळच पाडायला काढली. काका-काकूंनी पुण्याला जायचं ठरवलं आणि आम्ही गाझियाबादला एक छोटा फ्लॅट पाहिला. सामान हलवायला मैत्रिणीने रविवार मागून घेतला. दोन लोखंडी कॉट, गॅस, माझी पुस्तकांची पोती, तिच्या कुंड्या, एवढंच. एका छोट्या टेम्पोत सगळं मावलं. ड्रायव्हरच्या शेजारी आम्ही दोघी दाटीवाटीने बसलो. ऊन चढलं होतं. मांडीवर कुकर घेऊन ती आईशी फोनवर बोलत होती. नव्या घराला बाल्कनी आहे, एवढं मला त्या बंगालीतून कळलं.

यूपीची हद्द लागायच्या अलीकडे पोलिसांनी बॅरिकेड लावले होते. रांग हळूहळू सरकत होती. टेम्पो थांबला, हवालदाराने आत डोकावून ड्रायव्हरकडे कागद मागितले आणि मग त्याचं लक्ष तिच्या फोनकडे गेलं.

"कौन सी भाषा बोल रही है?"

"बंगाली," ती म्हणाली. लपवायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं.

"नीचे उतर."

आम्ही दोघी उतरलो. त्याने आधार कार्डं घेतली आणि बाजूला खुर्ची टाकून बसलेल्या साहेबाकडे दिली. साहेबाने माझं नाव वाचलं, मान वर करून मला पाहिलं.

"तू भी बंगाली?"

"नहीं. महाराष्ट्र."

"अच्छा? मराठी बोल के दिखा."

भर रस्त्यात, मागे हॉर्न वाजत असताना, आपली भाषा बोलून दाखवायची. शाळेत अब्बा मला कविता म्हणून दाखवायला सांगायचे तेव्हा उभी राहायचे तशीच मी उभी राहिले. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीचे शिक्षक. मी म्हटलं, "ही माझी मैत्रीण आहे. ती भारतीय आहे. आमचं सामान उन्हात पडलंय आणि तुम्ही आम्हाला विनाकारण अडवताय."

साहेब खूश झाला. "हाँ, मराठी है," तो हवालदाराला म्हणाला. त्यातलं एक अक्षरही त्याला कळलं नव्हतं. माझं कार्ड परत आलं. "तू जा."

"और ये?" मी विचारलं.

"इसका वेरिफिकेशन होगा. कहीं बांग्लादेशी तो नहीं."

ती आपल्या बॅगेतून एकेक काढत होती. मतदार कार्ड, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, दवाखान्याचं ओळखपत्र. साहेब त्यांच्याकडे पाहतही नव्हता. "ये सब तो बन जाता है," तो म्हणाला, आणि हात पुढे केला. "फोन."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सर, फोन कसा काय? कुठल्या कायद्याने?" तोवर तिने लॉक काढून दिलाही होता. हवालदार अंगठ्याने वरखाली करत राहिला आणि एका जागी थांबला. एक परदेशी नंबर होता. बांगलादेशचा.

"ये कौन?"

"मावशी. लग्न होऊन तिकडे गेलीय." तिचा आवाज आता बारीक झाला होता. "आमच्या गावापासून तिचं गाव दिसतं, सर. मधे फक्त तार आहे."

खरं तेच ती बोलत होती. पण ते ऐकताना साहेबाच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला वाटलं, हिने खोटं बोलायला हवं होतं.

त्यांनी तिला व्हॅनमध्ये बसवलं. आत आणखी काही माणसं होती, एक बाई पोराला घेऊन. मीही चढायला गेले तर महिला हवालदाराने मला हाताने मागे सारलं. कुकर अजून मैत्रिणीच्याच काखेत होता. तिने तो खिडकीतून माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "तू सामान लेके जा." मी टेम्पोवाल्याला नव्या घराचा पत्ता पुन्हा नीट सांगितला, वॉचमनजवळ सामान ठेव म्हटलं, आणि समोरून येणारी रिक्षा थांबवली. पुस्तकं, कॉट, कुंड्या, सगळं एका अनोळखी माणसाच्या भरवशावर सोडून मी कुकर घेऊन पोलीस व्हॅनच्या मागे निघाले. त्या माणसाने सगळं नीट पोचवलं, हे इथेच सांगून टाकते.

पोलीस ठाण्यात मला आत जाऊ देईनात. काचेच्या दारातून ती बाकावर बसलेली दिसायची. मी उभी राहायचे, बाहेर यायचे, पाणी प्यायचे, पुन्हा दारापाशी जायचे. एका जागी पाय ठरत नव्हता. शेवटी ठाण्याचे मुख्य अधिकारी जेवून परत येताना मी त्यांना गाठलंच.

"सर, माझ्या मैत्रिणीला कशासाठी अटक केलीय? संविधानाच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे कारण सांगावं लागतं. वकील भेटू द्यावा लागतो. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर..."

हे सगळं मी हिंदीत म्हणत होते, आणि म्हणताना माझ्या लक्षात येत होतं की मी ते पाठ केलेल्या क्रमानेच म्हणतेय.

ते रागावले नाहीत. उलट हसले. "यूपीएससी?"

"जी."

"कौन सा अटेम्प्ट?"

"दूसरा."

"तो पढ़ाई करो बेटा. गिरफ़्तार किसने किया? वो तो बस बैठी है."

"मग उठून बाहेर येऊ शकते का ती?"

"वेरिफिकेशन के बाद."

त्या उत्तरावर काय बोलायचं ते कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं. अटक असेल तर कलमं लागतात. नुसत्या बसलेल्या माणसाला कोणतं कलम लागतं?

मी काकांना फोन केला. सरकारात आयुष्य गेलेला माणूस, कुणाला तरी ओळखत असेल असं वाटलं. काकांनी ठाण्याचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाले, "हे बघ बाळ, मी एक-दोघांना फोन करून पाहतो. पण तू तिथे थांबू नकोस. उद्या तू पास झालीस की तुझंच पोलीस व्हेरिफिकेशन व्हायचंय. त्यात तुझं नाव... समजतंय ना मी काय म्हणतो ते?"

समजत होतं. ते माझ्या भल्याचंच बोलत होते, म्हणून जास्त लागलं.

मग अब्बांना फोन लावला. घरी आमची बोली दखनी, पण अब्बा गंभीर काही असलं की मराठीत बोलतात. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "तिच्याजवळ आत्ता कोण आहे?"

"मीच."

"मग तिथेच बस," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा त्यांचाच फोन आला. "तुझं आधार तुझ्याजवळच आहे ना? कुणाच्या हातात देऊ नकोस." त्यानंतर ते तासातासाला फोन करत राहिले आणि दर वेळी हेच विचारत राहिले.

माझ्या क्लासमधल्या एका मुलीने एका वकीलबाईंचा नंबर दिला. त्या नागरी हक्कांचं काम करणाऱ्या एका गटातल्या. संध्याकाळी साध्या सुती साडीत, बसने आल्या. मला वाटलं होतं त्या आवाज चढवतील. त्यांनी खुर्ची ओढली, कागद काढला आणि विचारलं, "हिला किती वाजता आणलं ते लिहून द्याल का? आणि फोन घेतल्याची पावती?" बस, एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. ठाण्यातल्या लोकांची भाषा 'तू'वरून 'आप'वर आली. आम्हाला तिला भेटू दिलं. पण सोडलं नाही. तिच्या गावच्या पोलिसांकडून उत्तर येईपर्यंत तिला एका समाजमंदिरात ठेवणार होते. तिथे तिच्यासारखेच आणखी बरेच होते.

भेटले तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं ते ड्यूटीचं. "वॉर्डच्या सिस्टरला सांगितलंस का? उद्या माझी सकाळची शिफ्ट आहे." मग ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मला बांगला बोलून दाखव म्हणाले. मी बोलले. तर म्हणाले, ही तिकडची बांगला आहे. आमच्या गावात सगळे असंच बोलतात गं. इकडची कशी असते?"

माझ्या भाषेने मला मोकळं केलं होतं आणि तिच्या भाषेने तिला बसवलं होतं.

पुढचे दिवस मी रोज त्या समाजमंदिराच्या फाटकाशी जायचे. डबा नेला तर आतून महिला हवालदार येऊन घेऊन जायची. एकदा ती म्हणाली, "आपकी फ्रेंड ने सबका बीपी देख लिया. हमारे स्टाफ़ का भी. मेरा भी." तिकडे कूचबिहारात तिचा मोठा भाऊ आजोबांच्या जमिनीचे कागद आणि बापाचा शाळेचा दाखला घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत फिरत होता. इकडे फ्लॅटमध्ये पोती तशीच बांधलेली होती. मी एक पुस्तक काढायचे, चार ओळी वाचायचे, बाल्कनीत जायचे, परत यायचे. खाली जीप वाजली की दाराची कडी पुन्हा पाहून यायचे.

एका दुपारी उत्तर आलं. तिला सही करायला लावली, फोन परत दिला, आणि "जाओ" म्हणाले. चूक झाली, असं कुणी म्हणालं नाही. महिला हवालदाराने मात्र फाटकापर्यंत येऊन तिचा हात धरला. "दिल पे मत लेना."

दवाखान्याने तिला परत घेतलं. तिनेही काही झालंच नाही असं दाखवलं. पण रिक्षात, लिफ्टमध्ये तिच्या आईचा फोन आला की ती तो कट करायची आणि घरी येऊन, बाथरूमचा नळ सोडून बोलायची. मावशीचा नंबर तिने काढून टाकला. मला ते सहन होईना. वकीलबाई कोर्टात अर्ज करणार होत्या, त्यात तिचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. फोन कसा घेतला, किती दिवस ठेवलं. मी रोज तिच्या मागे लागले. एक दिवस ती भांडी घासता घासता थांबली.

"तुला काय वाटतं, मला राग येत नाही? मला घरी जाताना ट्रेनमध्ये झोपायचंय. मला पेशंटला सलाईन लावताना हात थरथरायला नकोय. तुझ्या कोर्टात हे मिळतं का?"

"मग पुढच्या बाईला पण असंच..."

"तर पुढच्या बाईला विचार," ती म्हणाली आणि नळ बंद केला. दोन दिवस आम्ही बोललो नाही. मी तिच्या जागी नव्हते, हे मला कळत होतं. तरी माझा हट्ट जात नव्हता.

त्याच आठवड्यात क्लासमध्ये मुलाखतीचा सराव होता. समोरच्या सरांनी विचारलं, राष्ट्रीय सुरक्षा महत्त्वाची की व्यक्तिस्वातंत्र्य? याचं उत्तर आम्हा सगळ्यांना पाठ असतं: समतोल साधला पाहिजे, दोन्ही एकमेकांना पूरक. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "सर, समतोल कुणी साधायचा? जो बाकावर बसलाय त्याने?" सर म्हणाले, बोर्डापुढे असं बोललीस तर मार्क जातील. बरोबरच होतं त्यांचं.

शेवटी प्रतिज्ञापत्र मी दिलं. तिचं नाव न घालता, मी जे पाहिलं तेवढंच: बॅरिकेड, मराठी बोलून दाखवणं, फोन, 'वो तो बस बैठी है'. सही करताना काकांचं बोलणं आठवलं आणि पेन थोडं थांबलं. अब्बांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "भाषा शुद्ध लिहिलीस ना?" आणि फोन ठेवल्यावर, अम्मी सांगते, रात्री जेवले नाहीत.

मैत्रिणीला हिवाळ्यात सिलिगुडीच्या दवाखान्यात नोकरी मिळाली. पगार कमी, पण घर जवळ. मी आनंद विहार स्टेशनवर सोडायला गेले. बर्थ मिळाला तशी ती खिडकीशी बसली आणि गाडी सुटायच्या आधीच आईला फोन लावून मोठ्याने बोलू लागली, डब्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं. समोरच्या बाईने बंगालीतच काहीतरी विचारलं आणि त्या दोघी हसल्या. माझ्याकडे हात हलवायचंही तिला जरा उशिराच सुचलं.

मी अजून त्याच फ्लॅटमध्ये आहे. खोलीत आता सोलापूरकडची एक मुलगी राहते, बोलकी आहे. कोर्टात अर्जाला तारखा पडतायत. प्रिलिम यंदा निघाली, मेन्सची तयारी चालू आहे. मेट्रोतून उतरून घरी येताना पुढे बॅरिकेड दिसले की मी मनातल्या मनात मराठी वाक्यं जुळवायला लागते. अजून कुणी विचारलेलं नसतं. तरी जुळवते, आणि त्याचा मला संताप येतो.