रिंगणाचा मुकादम

संपात गिरणी सुटली आणि मी परळजवळच्या एका तबेल्यात घोडे फिरवायच्या कामाला लागलो. घोडे अनेक मालकांचे, रिंगण मात्र एकच. मुकादम गळ्यात शिट्टी अडकवून आम्हाला रोज दटावायचा, "एका वेळी एकच घोडा! समजलं काय रे?" मालक दिसला की त्याचा आवाज एकदम मऊ व्हायचा.

एकदा मी म्हातारी घोडी फिरवत होतो, तेवढ्यात एक शेठ आपला तरणा घोडा घेऊन आले.

"त्यांना जरा थांबवा," मी ओरडलो.

मुकादमाने फाटक उघडलं. "या ना, साहेब!"

घोडा अंगावर येताच घोडी बिथरली आणि तिची लाथ माझ्या नडगीवर बसली. मुकादम धावत आला. त्याने घोडीचे चारही पाय नीट चाचपले. मग मला म्हणाला, "नशीब तुझं, घोडीला काय लागलं नाही."