जॉबरच्या बायकोचा परवाना

“आलाय का वो माझा कागद? नसंल आला तर बसते की जरा.”

दर सोमवारी कचेरीच्या दाराबाहेर चपला काढून ती असं म्हणायची आणि भिंतीलगतच्या बाकावर बसायची. कचेरीत नोकरी केलेल्यांनी अशी माणसं पाहिली असतील. पण दीड वर्ष एकही सोमवार न चुकवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. आमच्या सोलापूरच्या गिरणीने तिच्या नवऱ्याला, विणकाम खात्यातल्या जॉबरला म्हणजे मुकादमाला, मालकांच्याच आफ्रिकेतल्या नव्या गिरणीत पाठवलं होतं. त्याचा कामाचा परवाना दोन महिन्यांत आला. तिचा, तिथे राहण्याचा, अडकला. परदेशी जाणाऱ्यांचे कागद मी टाइप करायचो, म्हणून तिची गाठ माझ्याशी.

लग्नाचा दाखला हवा होता. नोंद कुठेच नव्हती. तसं सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, “नवरा तितंच हाय. त्यालाच इचारा म्हणावं की.”

शेवटी लग्नाला हजर असलेल्या दोन म्हाताऱ्यांना कोर्टात नेऊन प्रतिज्ञापत्र केलं. एकाला मराठी धड येईना. ती त्याला तेलुगूत समजावत होती, आणि मध्येच लाजून हसली. तो काय म्हणाला, ते मात्र सांगेना.

तिला मूलबाळ नव्हतं, सासू गेलेली. दिवसभर विड्या वळताना शेजारणींची सोबत असे. तिन्हीसांजेला ज्या त्या आपल्या घरी. “एकटीच्या सैपाकाला भांडी तरी किती वाजणार,” असं ती एकदा म्हणाली होती.

परवाना आला त्या दिवशी मी सोमवारची वाट न बघता सायकलवरून तिच्या घरी गेलो. तिने तो कपाळाला लावला आणि वाचून दाखवायला सांगितलं. नवरा त्या गिरणीत कामावर असेल तोवरच तिला तिथे राहता येणार होतं. स्वतः कसलंही काम करायला मनाई होती.

“विड्या बी न्हाय?”

“नाही, वहिनी.”

तिने मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. “मग दिसभर करू काय?”

 पंधरा दिवसांत ती आफ्रिकेला गेली.

सहा महिन्यांनी पत्र आलं. अक्षर नवऱ्याचं, बोल तिचे. हे पाळीला गेले की बोलायला कुणी नाही, शेजाऱ्यांची भाषा कळत नाही, म्हणून दार लावून एकटीच मोठ्यानं बोलते, असं लिहिलं होतं. मी तिच्या गल्लीत जाऊन सगळ्यांची खबर गोळा केली आणि चार पानं लिहून पाठवली. त्याला उत्तर आलं नाही.

पुढे दोन वर्षांनी जॉबर रजेवर आला, एकटाच. ती तिथून बाहेर पडली असती तर परत जाताना नवा परवाना लागला असता, म्हणून तिला मागे ठेवलं होतं. वहिनी कशा आहेत, मी विचारलं.

“बरी हाय.” त्याने पिशवीत हात घातला. “आदी शेजारी म्हणायचे, दिसभर तुमच्या घरातनं आवाज येतो. आता न्हाय म्हणत.”

मग परवान्यांच्या मुदतवाढीचा अर्ज त्याने माझ्यापुढे ठेवला. त्यात तिच्यासाठी एकच ओळ होती: ‘सोबत पत्नी, काम नाही.’ मी ती टाइप केली.