मुराकोशी घरी येतो तेव्हा

तोमोहिरो मुराकोशी जपानमध्ये नऊ वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला आणि त्या नऊ वर्षांत त्याने अकरा सामने खेळले. आकडा चुकलेला नाही. तो गोलकीपर होता. मैदानावर गोलकीपर एकच असतो, संघात तीन असतात, आणि मुराकोशी तिसरा होता. पहिल्याचं बोट मोडावं आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याला ताप यावा, असं वर्षा-दीड वर्षातून एकदा घडायचं. तेव्हा तो खेळायचा. एरवी सराव करायचा, बाकावर बसायचा आणि पहिल्या कीपरने चेंडू छान अडवला की उभं राहून टाळ्या वाजवायचा. त्या टाळ्या मनापासून असायच्या का, असं मी त्याला एकदा विचारलं होतं.

"निम्म्या," तो म्हणाला.

आमचं बोलणं अर्थात इंग्रजीतून. त्याचं इंग्रजी मोजकं आहे, त्यामुळे तो खोटं फारसं बोलू शकत नाही. खोट्याला शब्द जास्त लागतात.

शिकोकू बेटावरच्या एका गावात त्याचे वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला होते. कॉलेजच्या संघात खेळताना दूर उत्तरेकडच्या, दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबने त्याला घेतलं. गावात सत्कार झाला, कारखान्याने त्याचं नाव विणलेला टॉवेल दिला. नऊ वर्षांनी, एकतिसाव्या वर्षी, क्लबने त्याला ऑफिसात बोलावलं. नोव्हेंबर हा तिकडे खेळाडूंना नारळ द्यायचा महिना. पुढच्या वर्षी करार नाही, असं सांगणारा माणूस उभाच होता आणि त्याच्या हातात गाडीची किल्ली होती. चार मिनिटांत सगळं आटोपलं. मुराकोशीला वाईट वाटलं ते करार गेल्याचं नव्हे. त्याची अटकळ त्याला होतीच. तो माणूस बसला नाही, याचं वाटलं.

फुटबॉलपटू निवृत्त झाला की टीव्हीवर कॉमेंट्री करतो, अशी आपली समजूत असते. तसा नशीबवान एखादाच. मुराकोशीच्या संघातला स्ट्रायकर आज विमा विकतो. लेफ्ट बॅक कुरियरची गाडी चालवतो. ज्याच्यासाठी हा टाळ्या वाजवायचा तो पहिला कीपर नूडल्सचं दुकान चालवतो, आणि ते बरं चाललंय म्हणे. मुराकोशी स्वतः वृद्धाश्रमात लागला. आजोबांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायचं, खुर्चीतून उचलून आंघोळीला न्यायचं. कीपरचे हात कामाला आले. सात वर्षं त्याने ते केलं आणि एकही म्हातारा हातून पडला नाही, हे तो अकरा सामन्यांपेक्षा जास्त अभिमानाने सांगतो.

मग त्याच्या बायकोची, नोरिकोची, बदली टेक्ससला झाली. ती एका जपानी मोटार कंपनीत आहे. हा तिच्या व्हिसावर मागोमाग आला. बायकोच्या व्हिसावर आलेला पुरुष मी आमच्या अर्विंग शहरात तोवर पाहिला नव्हता. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायका मात्र ढिगाने ओळखते, कारण त्यातलीच मी एक. नागपूरची एम.टेक., आणि सहा वर्षं घरात बसून पोळ्या गोल करायला शिकले. त्यामुळे पार्कच्या कडेला पाठीमागे हात बांधून दुसऱ्यांच्या मुलांचा खेळ बघत उभा असलेला हा माणूस मला पहिल्या दिवशीच ओळखीचा वाटला. पुढे मला आणि त्यालाही कामाची परवानगी मिळाली, आणि आमच्या भागातल्या एका मुलींच्या क्लबने त्याला कोच म्हणून घेतलं. तिथेच माझी मुलगी अनया अकराव्या वर्षी गोलकीपर झाली.

सरावाच्या चाळीस मिनिटं आधी तो यायचा आणि गोलपुढच्या जमिनीतले खडे वेचायचा. पार्कचं गवत कापायला माणसं आहेत, खडे वेचायला कोणी नाही. दुसऱ्या आठवड्यापासून अनयाही चाळीस मिनिटं आधी जायला लागली. म्हणजे मला तिला चाळीस मिनिटं आधी सोडावं लागायचं. दोघं गुडघ्यावर बसून न बोलता खडे वेचताहेत आणि मी गाडीत ऑफिसचा कॉल घेतेय, अशी चार वर्षं गेली.

अनयाची उंची पाच फूट दोन इंच आहे. आमच्या दोघांच्याही घरात कोणी ताडमाड नाही, तेव्हा ती यायची कुठून? पण आम्ही हार मानली नाही. नवऱ्याने, सत्यजितने, गॅरेजमध्ये लोंबकळायला दांडा बसवला. मी रोज दूध, अंडी, नाचणी सुरू केली. तेराव्या वर्षानंतर गोल पूर्ण मापाचा होतो, आठ फूट उंच, आणि वरून येणारा चेंडू अनयाच्या बोटांवरून आत जायला लागला. शेवटचं वर्षभर ती बाकावरच होती. तिसरी कीपर. आम्ही म्हणायचो, पुढच्या वर्षी बघ.

तो मे महिना निवडीचा होता. ती या संघात राहिली तर पुढे हायस्कूलच्या संघाचं दार उघडं राहणार होतं, नाही तर चार वर्षं पाण्यात. घरात त्याशिवाय दुसरा विषय नव्हता. गुरुवारी मला मुराकोशीचा मेसेज आला. 'रविवारी एक वाजता दहा मिनिटांसाठी तुमच्या घरी येऊ का? अनयाच्या पुढच्या वर्षाबद्दल बोलायचं आहे.'

हे मराठी घरात कसं वाचलं जातं ते सांगते. नकार कळवायला कोणी घरी येत नाही. नकार म्हणजे फोन, किंवा तोही नाही, नुसतं गप्प बसणं. लग्नाच्या स्थळांपासून आपली तीच रीत. घरी येतो तो आनंदाची बातमी घेऊन येतो. आणि रविवारी दुपारी एक वाजता येतो तो जेवायला येतो, मग त्याने दहा मिनिटं लिहिलेलं असो की दोन. मी शनिवारीच हरभऱ्याची डाळ भिजत घातली.

सत्यजित तर गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता. त्याने नागपूरला भावाला, यशोधनभाऊजींना, फोन करून "झाल्यातच जमा आहे" असं सांगूनही टाकलं. अनया मात्र गप्प होती. मी विचारलं तर म्हणाली, "आई, पुरणपोळी इज टू मच."

"टू मच काय त्यात? कोच आपल्याकडे पहिल्यांदा येताहेत."

ती वर तिच्या खोलीत निघून गेली. वयच तसं आहे, म्हणून मी सोडून दिलं.

रविवारी बरोबर एकला बेल वाजली. दारात मुराकोशी, आयुष्यात पहिल्यांदा सुटात. काळा सूट, टाय, हातात सुबक कागदात बांधलेला चौकोनी खोका. खोका बघून सत्यजितने माझ्याकडे विजयी नजर टाकली. पेढेच की! रिकाम्या हाताने कोणाच्या घरी जायचं नाही, ही रीत जपानमध्येही आहे, आणि तिकडे वाईट बातमीलासुद्धा ती लागू आहे, हे आम्हाला कुठून माहीत असणार? खोक्यात तांदळाच्या खारट चकत्या निघाल्या.

त्याने बोलायला तोंड उघडलं, तोच सत्यजितने त्याला हाताला धरून टेबलाशी बसवलं. "फर्स्ट जेवण. टॉक लेटर." मी वाढलं. पुरणपोळी, तूप, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. ताटात टाकायचं नाही, असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं, म्हणून तो ताट स्वच्छ करायचा. पाहुण्याचं ताट रिकामं दिसू द्यायचं नाही, असं मला शिकवलेलं, म्हणून मी आणखी वाढायचे. चौथ्या पोळीला त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने चमचा खाली ठेवला की सत्यजित एखादी गोष्ट सुरू करायचा. गेल्या मोसमातल्या गमती, हायस्कूलचा संघ, कॉलेजची स्कॉलरशिप. मुराकोशी मान हलवत होता आणि दर वेळी अनयाकडे बघत होता. अनयाने पोळीचा तुकडाही मोडला नव्हता.

पाचवी पोळी मी उचलली, तेव्हा ती म्हणाली, "आई, थांब. प्लीज."

मग त्याच्याकडे वळून इंग्रजीत, "कोच, सांगून टाका. मला माहीत आहे. तुम्ही ज्यांना घेता त्यांना ईमेल पाठवता. ज्यांना काढता त्यांच्या घरी जाता. सगळ्या मुलींना माहीत आहे."

सगळ्या मुलींना माहीत होतं. आयांना नव्हतं, कारण ज्या घरी तो जाऊन आला होता त्या घरांनी अळीमिळी गुपचिळी धरली होती. आमच्यासारखीच घरं ती. अनया गुरुवारपासून जाणत होती, आणि मला डाळ भिजत घालताना, पुरण वाटताना, बापाला फोनवर फुशारक्या मारताना बघून गप्प राहिली होती. सत्यजितचा चेहरा मला बघवेना.

मुराकोशीने खुर्ची तिच्या बाजूला वळवली. आमच्याकडे नाही, तिच्याकडे बघून म्हणाला, "तू पुढच्या वर्षी संघात नाहीस. वरचा चेंडू तुला मिळत नाही. मेहनतीचा प्रश्न नाही. उंचीचा आहे, आणि ती वाढणार नाही."

"ओके," अनया म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "तुम्हाला हे कधी कळलं?"

त्याने चमचा ताटाशी सरळ लावला. मला वाटलं शब्द शोधतोय. पण शब्द त्याच्याकडे होते.

"गेल्या वर्षी," तो म्हणाला. "गेल्या मेमध्ये मी सांगायला आलो होतो. हाच सूट. बाहेर गाडी लावली. तुझ्या घराला फुगे लावले होते, आत गाणं चाललं होतं. वाढदिवस. मी वीस मिनिटं गाडीत बसलो आणि परत गेलो. मग क्लबला सांगितलं, हिला तिसरी कीपर म्हणून ठेवू."

"मी वर्षभर एकही मॅच खेळले नाही."

"हो."

"मी पुढच्या फळीत खेळू शकले असते. विंगला. दुसऱ्या क्लबात गेले असते."

"हो. मला तू खडे वेचायला मैदानावर हवी होतीस. ते माझ्यासाठी होतं. तुझ्यासाठी नव्हतं."

मला त्याचा भयंकर राग आला. पाचवी पोळी माझ्या हातात होती, ती मी डब्यात परत ठेवली. उठ आणि जा, असं तोंडावर आलं होतं. एका माणसाच्या संकोचापायी माझ्या मुलीचं आख्खं वर्ष बाकावर गेलं होतं. आणि त्याच क्षणी हेही कळत होतं, की उंची वाढणार नाही हे मलाही दोन वर्षं माहीत होतं, आणि मी नाचणी शिजवत राहिले होते.

अनयाने विचारलं, "तुमचं जमणार नाही, हे कोणाला आधी कळलं होतं?"

"आमच्या कीपर कोचला. मी सव्वीस वर्षांचा होतो तेव्हा. मला त्याने सांगितलं एकतिसाव्या वर्षी. सगळं संपल्यावर, दारू पिताना."

"राग आला?"

"अजून येतो."

"मग मलाही येणार."

"हो," तो म्हणाला, आणि बसल्या जागी इतका खाली वाकला की त्याचं डोकं जवळजवळ ताटाला लागलं.

अनयाने तो सरळ होईपर्यंत वाट बघितली. मग पंधरा वर्षांच्या मुलीने सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला सांगितलं, "पुढच्या वेळी गाडीत बसू नका. आत या. काहीही चाललेलं असलं तरी."

त्याने मान हलवली. स्वतःचं ताट उचलून सिंकमध्ये नेऊन धुतलं, बूट घातले आणि गेला. सत्यजित दोन दिवस नागपूरचा फोन उचलत नव्हता. अनया ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका लहानशा क्लबात विंगला खेळायला लागली. फार ग्रेट खेळते असं नाही, पण खेळते.

याला आता वर्ष झालं. गेल्या शनिवारी माझ्या मैत्रिणीचा, आश्लेषाचा, फोन आला. तिची इला मुराकोशीच्याच संघात होती. आश्लेषा संतापली होती. "अगं, इलाचा वाढदिवस, घरात वीस मुली, केकवर मेणबत्त्या पेटवलेल्या, आणि हा माणूस सूट घालून दारात! तिला बाजूला बसवून सांगितलं, तू संघात नाहीस म्हणून. आजच यायचं होतं? एक दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं गं त्याचं?"

मी तिला म्हटलं, "एक वर्ष."