दोन जावांची अक्षरं

"हिच्या कालवणाची अक्षरं येवडी मोटी, आन् माजी मुंगीवानी? का वं, ताई?"

सोनाबाईंनी प्रिंटरमधून निघालेली दोन पानं माझ्या कीबोर्डवरच ठेवली. पानं गरम होती, त्याही.

मी मारुंजीत पुस्तकांच्या पानांची मांडणी करते. म्हणजे लोक मजकूर आणून देतात, मी तो कॉम्प्युटरवर पानात बसवते आणि फाइल प्रेसला पाठवते. त्या दिवशी मुळशीहून एका बचत गटाच्या बायका आल्या होत्या. धरणाकाठच्या घरांमधल्या स्वयंपाकाचं पुस्तक होतं. गटाच्या प्रमुख कुंदाताई, निवृत्त शिक्षिका. बरोबर सोनाबाई आणि रखमाबाई या सख्ख्या जावा. दोघींची माशाची कालवणं पुस्तकात समोरासमोरच्या पानांवर होती. घरात मात्र चुली वेगळ्या, आणि सकाळपासून दोघी एकमेकींशी बोलत होत्या त्या कुंदाताईंमार्फत.

फाइल संध्याकाळपर्यंत प्रेसला जायची होती. तेवढ्यात कुंदाताईंनी अक्षर मोठं करायला सांगितलं. "वाचणाऱ्या सगळ्या चष्मेवाल्या आहेत हो!"

काम सोपं होतं. परिच्छेदाला आम्ही स्टाइल देतो. फॉन्ट, साइज, ओळींमधलं अंतर, सगळं एका नावाखाली बांधलेलं असतं. स्टाइलमध्ये साइज बदलला की ती लावलेले सगळे परिच्छेद आपोआप बदलतात. मी बदलला. रखमाबाईंचं पान बदललं, सोनाबाईंचं जागचं हललं नाही.

"मावशी, कुणी मुद्दाम नाही केलं," मी म्हटलं आणि त्यांच्या मजकुरात क्लिक केलं. स्टाइलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह होतं. त्याला ओव्हरराइड म्हणतात. स्टाइल एक सांगते, पण त्या परिच्छेदावर कुणीतरी हाताने दुसरंच काही लादलेलं असतं. अशा वेळी हाताने केलेलंच टिकतं.

"तुमची कृती टाइप कुणी केली?"

"माज्या सुनंनं."

"तिनेच साइज हाताने ठरवलाय."

 रखमाबाई खिडकीबाहेर बघून हसल्या.

मी क्लिअर ओव्हरराइड केलं, म्हणजे हाताने लादलेलं सगळं पुसलं. अक्षरं झटक्यात मोठी झाली. सोनाबाई खुर्ची ओढून स्क्रीनजवळ आल्या आणि पुन्हा कडाडल्या. "माजं आमसूल कुटं गेलं?"

आमसूल होतं, पण ठळक नव्हतं. 'आमसूल शेवटीच टाका' हे वाक्य त्यांनी खास ठळक करून घेतलं होतं, कारण रखमाबाई आमसूल आधी टाकतात. ते ठळकपणसुद्धा हाताने केलेलं, म्हणजे ओव्हरराइडच. साइजबरोबर तेही धुऊन निघालं.

मी अनडू करून तो बदल मागे घेतला. कॅरेक्टर स्टाइल नावाचा एक प्रकार असतो. ती अख्ख्या परिच्छेदाला नाही, निवडलेल्या शब्दांनाच लागते आणि ओव्हरराइड साफ करताना सुरक्षित राहते. पुस्तकभर ठळक असलेले शब्द शोधून मी आधी त्यांना ती लावली, मग ओव्हरराइड काढले. अक्षरं मोठी, आमसूल ठळक.

"आता बरं दिसतंय," कुंदाताई म्हणाल्या.

मला तसं वाटेना. मजकुराच्या चौकटीच्या कोपऱ्यात लाल खूण आली होती. म्हणजे मजकूर चौकटीत मावत नाहीये, शेवटच्या ओळी दिसेनाशा झाल्यात. आमसूल त्याच ओळींत. साइज कमी करावा तर पुन्हा मुंगी. पानं वाढवायची सोय नव्हती. सोनाबाईंना त्यांच्या कृतीतलं एखादं वाक्य गाळायला सुचवून पाहिलं.

"माशाचं डोकं कापा, कालवणाचं न्हाई!"

 मग रखमाबाई कुंदाताईंकडे बघत म्हणाल्या, "माजी कृती लई बारकी हाय. निम्मं पान मोकळंच हाय. त्यांचं उरल्यालं हितं येऊ द्या की."

सोनाबाईंनी त्या दिवसात पहिल्यांदा जावेकडे थेट पाहिलं. "चालंल तुला?"

"न चालायला काय झालं?"

"मग मदी रेघ मारा, ताई," सोनाबाई मला म्हणाल्या. "न्हाईतर लोक दोन्ही कालवणं एकाच पातेल्यात करत्याल."

मी दोन्ही चौकटी जोडल्या. सोनाबाईंचा उरलेला मजकूर शेजारच्या पानाच्या वरच्या भागात गेला, त्याखाली रेघ आली, खाली रखमाबाईंचं कालवण. लाल खूण गेली. फाइल वेळेत प्रेसला पोचली.

प्रकाशनाला मुळशीत गेले तेव्हा दोघींनी आपापलं कालवण करून आणलं होतं. मला मधोमध बसवून दोन्हीकडून वाढत होत्या, आणि भात कमी पडल्याबद्दल एकमेकींना थेट बोलत होत्या.

तेव्हापासून बाहेरचा मजकूर आला की मी आधी ठळक शब्दांना कॅरेक्टर स्टाइल देते, मग ओव्हरराइड साफ करते, आणि साइजला हात त्यानंतरच लावते. कुणाचं कालवण सरस, असं पुस्तक वाचलेले लोक अजून विचारतात. मी फक्त मांडणी करते, एवढंच सांगते.