डॉक्टरच्या सोबतीला

इथे मुर्रीत एवढ्या मोठ्या घरात आजी एकटी कशी राहते, असं तुम्ही फोनवर विचारता. मी एकटी नाही. वरच्या खोलीत सरकारी दवाखान्यातली एक निवासी डॉक्टर भाड्यानं राहते. मुलगी साताऱ्याकडची. इथल्या उन्हाला आणि दोन्ही वेळच्या भाताला ती सरावली, ड्युटीला मात्र नाही. आज सकाळी गेली की उद्या संध्याकाळी परतायची आणि बूटही न काढता आडवी व्हायची. मी ठेवलेला डबा तसाच परत यायचा.

या उन्हाळ्यात एका पेशंटच्या नातेवाइकांनी वॉर्डात तिची कॉलर धरली. खेड्यातून फार उशिरा आणलेला माणूस, वाचला नाही. मी समजूत घालायला वर गेले, तर म्हणाली, "कॉलरचं काही नाही, आजी. माणूस गेला आणि मला काहीच वाटलं नाही. मी पुढच्याचं बीपी बघायला लागले." मग म्हणाली, "हल्ली उड्डाणपुलावर गाडी चालवताना वाटतं, कोणी धडक दिली तर बरं. मरायचं नाहीये. नुसतं प्लास्टर. प्लास्टर असलं की सुट्टी मिळते."

मी घाबरले, पण तसं दाखवलं नाही. "तुमच्याच दवाखान्यात मनाचे डॉक्टर आहेत ना?"

"त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर मी बसले तर दुपारपर्यंत सगळ्या वॉर्डांत बातमी होईल. सर म्हणतील, आम्ही नाही का केल्या ड्युट्या?"

आपल्याकडे म्हातारं माणूस दवाखान्यात एकटं जात नाही, सोबत कोणीतरी असतंच. आणि त्या सोबतच्याकडे कोणी बघत नाही. मी म्हटलं, "तू मला घेऊन चल."

मनाच्या डॉक्टरांच्या दारावरच्या मावशींनी तिला विचारलं, "मॅडम, आज इकडे?"

"मला आणलंय," मी म्हटलं. "चिडचिड फार होते." तुमचे आजोबा असते तर त्यांनी आनंदानं साक्ष दिली असती.

बाकावर शेजारी बसलेली बाई मला म्हणाली, "नात गुणाची आहे जी तुमची. आमची त पाणी बी नाई विचारत." माझ्या डॉक्टरला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

आत तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खुर्ची माझ्यापुढे ओढली. "बोला आजी, काय होतंय?"

"त्रास हिला आहे. मी बाहेर बसते," म्हणून मी उठले. तिनं माझा पदर धरला होता. तो मी हळूच सोडवला.

ती बाहेर आली तेव्हा बाक रिकामा झाला होता. डोळे सुजलेले होते, पण घरी येऊन ती जेवली. डॉक्टरीणबाईंनी हिला आराम हवा म्हणून तिच्या सरांना लिहून दिलं. सर कुरकुरले, पण रजा दिली. रजेत ती साताऱ्याला गेली नाही, वरच झोपून राहिली. नंतरही आम्ही अशाच जात राहिलो, मी पुढे आणि ती मागे. वॉर्डात तर माझ्याबद्दल हळहळ व्हायला लागली होती.

गेल्या मंगळवारी मी लुगडं बदलून दारापुढच्या ओट्यावर तयार बसले. ती गाडीची किल्ली घेऊन खाली आली.

"आजी, आज मी एकटी जाते."

"कोणी विचारलं तर?"

"सांगेन. माझाच नंबर आहे म्हणून."